कडलिंगचा व्यवसाय: आधी ‘नको’ म्हणायला शिका, दर मग ठरवा

न्यू जर्सीत हे काम करायला लागून मला सहा वर्षं झाली. काम असं: अंगावर पूर्ण कपडे ठेवून, लैंगिक असं काहीही न करता, ठरलेल्या वेळेपुरतं एखाद्या माणसाला जवळ घ्यायचं. हात धरायचा, पाठीवरून हात फिरवायचा, डोकं मांडीवर ठेवू द्यायचं, कधी नुसतं पाठीला पाठ टेकून बसायचं. आणि त्या वेळेचे पैसे घ्यायचे. ‘प्रोफेशनल कडलिंग’ला मराठीत रुळलेला शब्द नाही, म्हणून इथे कडलिंग, सेशन, क्लायंट हेच शब्द वापरते.

इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी याबद्दल विचारायला येतं तेव्हा एक गोष्ट बहुतेकांनी आधीच करून टाकलेली असते. छान फोटो काढून प्रोफाइल टाकलेलं असतं. नियम कोणते, जागा कुठली, पहिल्या फोनवर काय विचारायचं, कोणाला सांगून जायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग पहिल्या-दुसऱ्या सेशनलाच काहीतरी बिनसतं आणि ज्यांना हे काम खरंच छान जमलं असतं ती माणसं घाबरून सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण चूक त्यांच्या स्वभावात नसते, क्रमात असते. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एखादा गाळावासा वाटला तर आधी तोच वाचा.

सावध: हा लेख अमेरिकेतल्या कामापुरता आहे. महाराष्ट्रात वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आणि फोनवर ‘फ्रेंडशिप क्लब’, ‘घरबसल्या हजारो कमवा’ असं सांगून आधी नोंदणी फी मागतात, त्याचा या कामाशी काही संबंध नाही. ती फसवणूक आहे. फी भरली की दुसरी फी येते, काम कधीच येत नाही.

## १. तुमच्या व्हिसावर हे काम करता येतं का?

सगळ्यात आधी हे बघा, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तर हातात ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं सरकारी कार्ड हवं. ते असेल तर स्वतःचा व्यवसायही करता येतो. एल-२ वरच्या (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला काम करायची मुभा आहे. एच-१बी वर मात्र ज्या कंपनीने व्हिसा काढला तिचंच काम करायचं. शनिवार-रविवारी, दोन तास, कितीही थोडं असलं तरी हे काम त्यात बसत नाही. एफ-१ वरच्या विद्यार्थ्यांनाही हे बंद आहे. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या मुभेवर असलात तरी काम तुमच्या शिक्षणाशी निगडित असावं लागतं.

‘रोख घेतले तर कोणाला कळणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात ‘परवानगीशिवाय कधी काम केलं का?’ असं सरळ विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिणं हा मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा होतो. कडलिंगच्या साइट तुमचा व्हिसा तपासत बसत नाहीत, त्यामुळे प्रोफाइल सुरू झालं म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका.

तपासून घ्या: ईएडी असेल तर त्यावरची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाकली का? ती उलटली की नूतनीकरणाचे नियम वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय एकही सेशन घ्यायचं नाही.

## २. ‘चालेल’ हा शब्द सोडा

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि शिकायला येणारे सगळ्यात कमी देतात.

आपल्याकडे ‘नाही’ क्वचितच ‘नाही’ म्हणून बाहेर पडतो. आपण म्हणतो ‘बघू’, ‘राहू द्या’, ‘कशाला उगीच’, ‘तुम्हाला बरं वाटेल तसं’. आणि ज्या गोष्टीला मनातून होकार नसतो तिलासुद्धा म्हणतो, ‘चालेल.’ पाहुण्याने चहा मागितला तर ठीक आहे. पण क्लायंटने ‘मी हात पोटावर ठेवू का?’ असं विचारलं आणि तुमच्या तोंडून ‘चालेल’ बाहेर पडलं, तर पुढची वीस मिनिटं तुम्ही श्वास आखडून पडून राहाल. अंग ताठलेलं समोरच्याला लगेच कळतं. कशामुळे ते त्याला कळत नाही, पण नको असलेल्या मिठीचे पैसे आपण देतो आहोत एवढं जाणवतं. तो परत येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २००४ साली मार्शिया बझिन्स्की आणि रीड मिहाल्को यांनी ‘कडल पार्टी’ सुरू केली. तिच्या नियमांतला एक मी जसाच्या तसा उचलला आहे: हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा, आणि नक्की नसेल तर नाहीच म्हणा. दुसरा नियमही तितकाच मोलाचा आहे: मत बदलायची मुभा प्रत्येकाला, प्रत्येक क्षणी आहे.

घरी सराव असा करा. एखाद्या मैत्रिणीला किंवा बहिणीला समोर बसवा. तिने एकामागून एक दहा गोष्टी विचारायच्या: ‘तुझा हात धरू?’, ‘खांद्यावर डोकं ठेवू?’, ‘केसांतून हात फिरवू?’ पहिल्या फेरीत दहाही वेळा फक्त ‘नको’ म्हणायचं. कारण द्यायचं नाही, ‘सॉरी’ म्हणायचं नाही, हसायचं नाही. तिने प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ दुसऱ्या फेरीत खरं वाटेल ते उत्तर द्यायचं. तिसऱ्या फेरीत हो म्हणून हात धरायचा आणि अर्ध्या मिनिटाने मत बदलायचं: ‘आता सोडूया.’ ही तिसरी फेरी सगळ्यांना जड जाते. ती सहज जमेपर्यंत पुढच्या टप्प्याला जाऊ नका. मला तीन आठवडे लागले.

तपासून घ्या: ‘नको’ म्हणताना मान डोलावता का? ओठांवर ‘नको’ आणि मानेत ‘हो’ असेल तर समोरचा मानेवर विश्वास ठेवतो.

## ३. प्रशिक्षण घ्या, पण योग्य गोष्टीचं

या कामाला सरकारी परवाना नाही, म्हणून प्रशिक्षण लागत नाही असा समज आहे. मिठी मारणं शिकावं लागत नाही हे खरं. पण रडणाऱ्या अनोळखी माणसाजवळ न डगमगता बसणं आणि त्याने ओलांडलेली रेघ शांतपणे परत आखणं शिकावं लागतं. कडलिस्टसारख्या संस्था ऑनलाइन प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देतात, लॉस एंजेलिसची कडल सँक्चुअरीही शिकवते. कुठेही गेलात तरी अभ्यासक्रमात संमती, मर्यादा आणि अवघड प्रसंग यांना किती वेळ दिला आहे ते पाहा. नुसत्या बसण्या-झोपण्याच्या पद्धतींवर भर असेल तर पैसे घालवू नका.

स्पर्श आणि संमती शिकवणाऱ्या बेटी मार्टिन यांचं ‘संमतीचं चक्र’ जरूर समजून घ्या. स्पर्श कोण करतं आहे आणि तो कोणासाठी आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा त्याचा गाभा. मी तुमच्या केसांतून हात फिरवते ते तुम्हाला हवं म्हणून, की मला आवडतं म्हणून? पैसे घेऊन काम करणाऱ्याला हा फरक सेशनच्या दर मिनिटाला माहीत असायला हवा.

## ४. नियम कागदावर उतरवा

नियम मनात असतील तर ते क्लायंटसमोर वाकतात. एका पानावर लिहा, सही घ्या. माझ्या पानावर एवढंच आहे:

- वय १८ पूर्ण. पहिल्या सेशनला फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं.
- दोघांच्याही अंगावर पूर्ण कपडे. किमान गुडघ्यापर्यंतची पँट आणि बाह्या असलेला शर्ट.
- अंतर्वस्त्रांखाली झाकला जाणारा कोणताही भाग स्पर्शाबाहेर. ओठांचा स्पर्श कुठेही नाही.
- दारू किंवा नशा करून आल्यास सेशन रद्द, पैसे परत नाहीत.
- दोघांपैकी कोणीही, केव्हाही, कारण न देता थांबवू शकतं.
- ही वैद्यकीय किंवा मानसोपचाराची सेवा नाही.
- २४ तास आधी न कळवता रद्द केल्यास अर्धी रक्कम द्यावी लागेल.

सावध: जाहिरातीत, कार्डावर, बोलण्यात ‘मसाज’ आणि ‘थेरपी’ हे शब्द वापरू नका. न्यू जर्सीत मसाज आणि बॉडीवर्कला राज्याचा परवाना लागतो, इतर बहुतेक राज्यांतही मसाजचं तसंच आहे. शब्दच नव्हे, कृतीही टाळा. ‘जरा मान दाबून द्या’ ही मागणी हमखास येते. हात फिरवा, थोपटा. पण स्नायू दाबणं, मळणं, चोळणं आपलं काम नाही.

## ५. जागा आणि सामान

पहिले सहा महिने स्वतःच्या घरी बोलावू नका आणि शक्यतो क्लायंटच्या घरी जाऊ नका. अॅक्युपंक्चर करणारे, समुपदेशक वगैरे आपल्या खोल्या तासावर भाड्याने देतात, तशी खोली शोधा. मालकाला काम काय आहे ते स्पष्ट सांगा. लपवून घेतलेली खोली एका तक्रारीत जाते, आणि ती जाताना तुमची पत घेऊन जाते.

सामान थोडं लागतं: रुंद सोफा किंवा जमिनीवर जाड गादी, पाच-सहा वेगवेगळ्या जाडीच्या उशा, धुता येतील अशा दोन चादरी, एक पांघरूण, टिश्यू, पाणी, बिनवासाचा सॅनिटायझर आणि दोघांना दिसेल असं भिंतीवरचं घड्याळ. फोनमध्ये वेळ बघू नका. क्लायंटच्या खांद्यावरून तुमचा हात फोनकडे गेला की त्याची तंद्री तुटते.

आता खास आपल्या घरांसाठी. फोडणीचा वास केसांत आणि कपड्यांत बसतो, आपल्याला तो जाणवतच नाही. कामाचे कपडे स्वयंपाकघरापासून लांब, बंद पेटीत ठेवा आणि निघण्याआधी केस धुऊन अंघोळ करा. त्या दिवशी डोक्याला तेल नको. अत्तर, गजरा, अगरबत्ती काहीच नको, कारण कित्येकांना सुवासाचं वावडं असतं. बांगड्या, मोठी कानातली, चमकी, मंगळसूत्र काढून ठेवा. ती केसांत अडकतात आणि गालाला टोचतात. मंगळसूत्र काढवत नसेल तर लांब सर वापरू नका, छोटं घालून शर्टाच्या आत ठेवा. नखं त्वचेच्या रेषेत कापलेली हवीत.

तपासून घ्या: पुढे कधी क्लायंटच्या घरी गेलातच तर बसण्याआधी गादीच्या शिवणी बघा. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण असू शकतात. नम्रपणे सांगून निघा आणि घरी येताच कपडे ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा.

## ६. दर आणि खरा हिशेब

अमेरिकेत ताशी ८० ते १०० डॉलर हा सर्वसाधारण दर दिसतो. नवे लोक हा आकडा पाहतात, आठवड्याच्या चाळीस तासांनी गुणतात आणि नोकरी सोडायचं ठरवतात. थांबा, एका सेशनचा हिशेब करू.

ताशी ९० डॉलरने दीड तासाचे १३५ मिळाले. खोलीचे दोन तास, २० प्रमाणे ४० गेले. पार्किंग आणि धुलाईचे १० गेले. उरले ८५. त्यावर सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना भरावा लागणारा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर) साधारण १२. राहिले ७३, आणि इन्कम टॅक्स अजून द्यायचाच आहे. वेळ किती गेला? सेशनची ९० मिनिटं, जाण्यायेण्याची ८०, खोली लावण्या-आवरण्याची आणि चादरींची ३०, आधीच्या फोन-मेसेजची २०. एकूण तीन तास चाळीस मिनिटं. म्हणजे ताशी २० डॉलरच्याही थोडं आतच.

हे काम करू नका असं मी म्हणत नाही. एका दिवशी, एकाच खोलीत दोन सेशन लावली की हिशेब बराच सुधारतो. पण दिवसाला दोन आणि आठवड्याला पाच-सहा यापलीकडे जाऊ नका. तिसऱ्या माणसाला तुमचं शरीर जवळ असतं, लक्ष नसतं. मी तरी हे उत्पन्न घरखर्चाच्या भरवशाचं मानत नाही. पुरुषांना सुरुवातीला कामं आणखी कमी मिळतात, कारण येणाऱ्यांत पुरुष जास्त असतात आणि ते बहुधा बाईच मागतात. तरीही चांगल्या पुरुष कडलरची गरज आहे. त्यांनी वर्षभराची तयारी ठेवून उतरावं.

नेहमीच्या चुका: ‘पहिलं सेशन फुकट’ देणं. मिठीच्या प्रकारानुसार वेगवेगळे दर लावणं. त्यातून ‘जास्त पैसे दिले की जास्त मिळतं’ असाच अर्थ निघतो. वेळ संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच देऊन टाकणं. दर एकच ठेवा, तासावर ठेवा, आणि सगळ्यांना तोच.

## ७. प्रोफाइल आणि जाहिरात

आता फोटो. चेहरा नीट दिसणारा, रोजच्या कपड्यांतला, दिवसाच्या उजेडातला एक पुरे. पलंगावरचे फोटो नकोत. मजकुरात तुमच्या नियमांतले तीन महत्त्वाचे नियम पहिल्या परिच्छेदातच लिहा. त्याने चौकशा कमी होतील आणि कमी व्हायलाच हव्यात. गाळल्या जातात त्या नको असलेल्याच असतात.

डेटिंग अॅपवर किंवा ‘एस्कॉर्ट’ विभागाजवळ कुठेही नाव टाकू नका. २०१८ साली वेश्याव्यवसायाच्या जाहिरातींसाठी साइटना जबाबदार धरणारा फोस्टा-सेस्टा कायदा अमेरिकी काँग्रेसने मंजूर केल्यावर क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या साइटने आपला पर्सनल्स विभागच बंद केला, आणि इतर साइटही असल्या मजकुराबाबत सावध झाल्या. चुकीच्या शेजारात दिसलात तर तुमचं खातंही बंद होऊ शकतं.

कामासाठी वेगळा नंबर घ्या, गूगल व्हॉइसचा चालतो. कामाचं नाव वेगळं ठेवणार असाल तर लक्षात ठेवा, झेल या बँकांच्या सेवेवरून पैसे पाठवणाऱ्याला तुमचं खरं नाव दिसतं. व्हेन्मो या पैसे पाठवायच्या अॅपवरचे व्यवहार खाजगी करून ठेवा आणि व्यवसायाचं खातं वेगळं उघडा.

आपल्या मंडळातल्या, गणपतीत भेटणाऱ्या माणसांना क्लायंट म्हणून घेऊ नका. त्यांच्याबद्दल मनात काही किंतू आहे म्हणून नव्हे. सेशनमध्ये जे बोललं जातं ते कधीच बाहेर जाणार नाही ही खात्री त्यांना वाटायला हवी, आणि पुढच्या शनिवारी आरतीला तुम्ही समोर दिसलात तर ती वाटत नाही. घरच्यांना मात्र पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या. नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवून हे काम फार दिवस चालत नाही.

## ८. पहिला फोन

मेसेजवर वेळ ठरवू नका. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल घ्या. चार गोष्टी विचारायच्या: हे का हवं आहे, आधी कधी घेतलं आहे का, कोणता स्पर्श नको आहे, आणि नियम वाचून काही शंका आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘काहीही चालेल’ असं आलं तर पुढे विचारा: ‘केसांना हात लावलेला चालेल? पायांना?’ प्रत्येकाला काहीतरी नको असतंच.

इथे नाही म्हणा: तुम्ही काय घालणार ते विचारणारा. ‘थोडं जास्तीचं’ सुचवणारा. नियम ऐकून हसणारा. नाव सांगायला किंवा चेहरा दाखवायला तयार नसणारा. आज रात्रीच हवं म्हणणारा. आणि सगळं ठीक वाटत असूनही पोटात खड्डा पडला तर तेही कारण पुरेसं आहे.

सावध: ‘माझ्या भावासाठी महिनाभराची सेशन हवीत, चेक पाठवतो, वरचे पैसे ड्रायव्हरला द्या’ असा निरोप आला तर तो ठग आहे. चेक भरल्यावर खात्यात रक्कम दिसते, तुम्ही वरचे पैसे पाठवता, आणि मग तो चेक परत येतो. अनोळखी माणसाचा चेक घ्यायचाच नाही.

निघण्याआधी एका माणसाला कळवा: पत्ता, क्लायंटचं नाव, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. एक वाक्य ठरवून ठेवा. माझं आहे, ‘डाळ भिजत घातलीस का?’ मी फोनवर हे विचारलं की माझी मैत्रीण ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावते. संपल्यावर दहा मिनिटांत माझा मेसेज आला नाही तरी ती फोन करते.

## ९. सेशन, मिनिटागणिक

० ते १०: हात न लावता बोलणं. दारात मिठी मारू नका. आपण मायेने पुढे होतो, पण संमतीचा पहिला धडा तिथेच चुकतो. पाणी द्या, ओळखपत्र पाहा, कागदावर सही घ्या, पैसे आधी घ्या. मग विचारा, ‘आज काय हवं आहे?’ आणि एक छोटा सराव दोघांनी करा: त्यांनी तुम्हाला काहीतरी विचारायचं आणि तुम्ही ‘नको’ म्हणायचं, मग उलट. क्लायंटने तुमचा ‘नको’ एकदा शांतपणे ऐकला की उरलेला वेळ दोघांनाही सैल होतं.

१० ते २५: सगळ्यात सोपी बैठक. पाठीला पाठ टेकून बसणं हा माझा नेहमीचा आरंभ. डोळ्याला डोळा नाही, हातांचं काय करायचं हा प्रश्न नाही, आणि श्वास एकमेकांचा कळतो. किंवा शेजारी बसून हात धरायचा. यापलीकडे जायची घाई करू नका. काही जणांना वर्षानुवर्षांत एवढाही स्पर्श मिळालेला नसतो.

२५ ते ७५: मुख्य वेळ. डोकं मांडीवर, मिठीत बसणं, किंवा कुशीवर एकामागे एक झोपणं. मागे कोण, पुढे कोण हे विचारून ठरवा. खालचा हात बरगड्यांखाली घालू नका, बधिर होतो. मानेच्या पोकळीत उशीखालून घाला. कंबरेच्या वर आणि खाली दोघांच्या मध्ये उशी असू द्या, अंतरही राहतं आणि पाठीला आधारही मिळतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी बैठक बदला, दुखायला लागण्याची वाट पाहू नका.

हात फिरवण्याचा वेग हा नवशिक्यांचा मोठा दोष आहे, ते फार भराभर फिरवतात. हळुवार स्पर्श टिपणारे खास मज्जातंतू केसाळ त्वचेत असतात आणि ते सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर वेगाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंत पोचायला जवळजवळ दहा सेकंद. घड्याळ लावून बघा, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ते खूप हळू आहे. तळहात थंड असतील तर आधी एकमेकांवर घासून ऊब आणा. थोपटायचं असेल तर बाळाला झोपवताना धरतो ती लय धरा, आणि ती मध्येच तोडू नका.

प्रत्येक बदलाआधी शब्दांत विचारा. ‘आता हात केसांवर नेऊ?’ उत्तर ‘हो’ असेल तरच. ‘हं’ आलं तर पुन्हा विचारा.

७५ ते ९०: परत येणं. पंधरा मिनिटं आधी सांगा. शेवटची पाच मिनिटं उठून बसून, स्पर्शाशिवाय. पाणी द्या, कसं वाटलं ते विचारा. मिठीतून सरळ दाराबाहेर पाठवलेला माणूस गाडीत बसून रडतो.

## १०. अवघड क्षण

शरीराची उत्तेजना. होते, बहुतेक वेळा आपोआप होते, आणि त्यात क्लायंटची चूक नसते. लाजवू नका, दुर्लक्षही करू नका. ‘जरा बसण्याची पद्धत बदलूया’ म्हणून पाठीला पाठ किंवा शेजारी शेजारी या. बोलण्याचा विषय बदला. पण त्याने ती वाढवायचा प्रयत्न केला, अंग घासलं, हात सरकवला, तर सेशन तिथेच संपलं. नकळत झालेल्या गोष्टीला एक ताकीद पुरे, ठरवून केलेल्या कृतीला तीही नाही. उभं राहायचं, दार उघडायचं, ‘आपण इथे थांबतो आहोत.’ वाद घालायचा नाही.

रडणं. ‘रडू नका’ म्हणू नका. टिश्यू पुढे सरकवा, हातात कोंबू नका. आहे तो स्पर्श तसाच ठेवा आणि विचारा, ‘असंच राहू की जरा सोडू?’ सल्ला देऊ नका. जीव द्यायचं बोलणं निघालं तर स्पर्श बाजूला ठेवून समोर बसा, ९८८ या राष्ट्रीय मदत क्रमांकाची माहिती द्या आणि तुमच्यासमोरच फोन लावायला सांगा. धोका तातडीचा वाटला तर ९११.

झोप लागणं. लागू द्या. वेळेच्या दहा मिनिटं आधी नाव घेऊन, खांद्याला हात लावून हळूच उठवा. मात्र हे चालेल का ते सुरुवातीलाच विचारून ठेवलेलं असावं.

‘मला तुम्ही आवडायला लागलात.’ नियमित येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हे म्हणतंच. भेटवस्तू परत करा, बाहेर कॉफीला जाऊ नका, मेसेजवर गप्पा सुरू ठेवू नका. त्याच दिवशी स्पष्ट सांगा: ‘ही जवळीक खरी आहे, पण ती या खोलीत आणि या वेळेतच आहे.’ पुढची दोन सेशन महिन्याच्या अंतराने ठेवा. तरी ओढ कमी झाली नाही तर दुसऱ्या कडलरचं नाव द्या आणि थांबा. इथे मी एकदा चूक केली. पैसे सुटू नयेत म्हणून आठवड्याचं सेशन चालू ठेवलं, आणि शेवटी ते थांबलं तेव्हा त्या माणसाला जितका त्रास झाला तितका तीन महिने आधी झाला नसता.

## ११. नंतरची कामं

चादरी लगेच बदला. हात-तोंड धुवा, दहा मिनिटं एकटं बसा. त्या माणसाचं दुःख घेऊन थेट गाडी चालवू नका. मग तीन ओळींची नोंद: काय आवडलं, काय नको होतं, पुढच्या वेळी काय विचारायचं. नोंदीत पूर्ण नाव लिहू नका. सर्दी-ताप, अंगावर पुरळ, तोंडाजवळ फोड असेल तर, तुमचं असो वा त्यांचं, सेशन पुढे ढकला.

पैशांची नोंद त्याच दिवशी करा. न्यू जर्सीत स्वतःच्या नावाने किंवा व्यवसायाच्या नावाने राज्याकडे नोंदणी करावी लागते, तुमच्या राज्याचा नियम पाहा. वर्षाला निव्वळ ४०० डॉलर किंवा अधिक मिळाले की सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो. दर १५.३ टक्के, निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर. रोख मिळालेले पैसेही यात धरायचे. जमाखर्च टॅक्स रिटर्नसोबतच्या शेड्यूल सी या व्यवसायाच्या फॉर्मवर दाखवा: खोलीचं भाडं, उशा-चादरी, प्रशिक्षण, विम्याचा हप्ता. वर्षाअखेर हजार डॉलर किंवा अधिक टॅक्स देणं निघेल असं वाटत असेल तर तो हप्त्यांनी भरायचा असतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी १५ जानेवारी. जोडीदार नोकरीत असेल आणि तुम्ही एकत्र रिटर्न भरत असाल तर त्याच्या डब्ल्यू-४ फॉर्मवर पगारातली टॅक्सची कपात थोडी वाढवून घ्या, मग या तारखा बहुतेक सांभाळाव्या लागत नाहीत. मी तसंच करते.

लायबिलिटी विमा (तुमच्या कामामुळे कोणी नुकसानीचा दावा केला तर त्याचा खर्च उचलणारा) मात्र पहिल्या सेशनच्या आधीच घ्यायचा, आणि अर्जात काम जसं आहे तसंच लिहायचं. ‘वेलनेस’ असं मोघम लिहून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी उपयोगी पडेलच असं नाही. विमा कंपनीकडून ‘कपडे घालून केलेला, लैंगिक नसलेला स्पर्श’ या कामाला संरक्षण आहे असं लेखी उत्तर आलं, की मगच पहिल्या क्लायंटला तारीख द्या.